सरपंचाचे चौतीस गुण

सरपंचाचे छत्तीसपैकी चौतीस गुण जुळले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. सहा वर्षांत तीन घरांतून परत आलेला कुत्रा. एक कान फाटलेला, स्वभाव तिरसट. कुणी प्रेमानं 'ये' म्हटलं की हा भिंतीकडे तोंड करून बसणार. असल्या नगाचे चौतीस? अहो, माझ्या लग्नात साडेअठरा जुळले होते आणि तेवढ्यावर आमच्या घरच्यांनी पेढे वाटले होते! पण मंडपात टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. आनंदात माणसाची अक्कल चरायला जाते, दुसरं काय.

मी महानंदा तोडकरी. सोलापुरात जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं ड्रेसर होते. जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, लाथा खाल्ल्या, चावून घेतलं. निवृत्त झाल्यावर लोक देवदेव करतात, मी शहराबाहेरचा 'आसरा' सांभाळायला घेतला. बेवारस कुत्र्यांचा निवारा. साठ-पासष्ट कुत्री, चार कामगार आणि सगळ्यांवर ओरडायला मी.

दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीला आमच्याकडे श्वानदिन असतो. गावात त्याला 'कुत्र्यांचा पोळा' म्हणतात, कारण बैलांचा पोळाही आसपासच येतो. म्हणेनात का! कुत्र्यांना आंघोळी, गळ्यात झेंडूच्या माळा, दारात मंडप, आणि ज्यांना कुत्रं घरी न्यायचंय त्यांची भली मोठी रांग. ज्याला घर मिळालं त्याला निघताना मी माझ्या तळहातावर दही देते. माणूस महत्त्वाच्या कामाला निघाला की आपण दही देतो, मग कुत्र्यानं काय घोडं मारलंय?

पूर्वी जुळणी मीच करायचे, नजरेनं. ह्या घरात लहान मुलं आहेत, तिथं शांत कुत्रं द्या. हे एकटे आहेत, त्यांना बडबडं द्या. निम्म्या वेळा बरोबर यायचं. बाकीची महिन्याभरात परत. परत आलेलं कुत्रं फाटकाशी उभं राहून जाणाऱ्या गाडीकडे बघत राहतं, ते बघवत नाही हो. सरपंच असा तीनदा उभा राहिलाय. तिसऱ्यांदा मात्र त्यानं गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ आपल्या कोपऱ्यात गेला. त्या दिवशी मी जेवले नाही.

मग माझी लेक शिवलीला पुण्याहून यंत्र घेऊन आली. लीला मेंदूवर संशोधन करते. तिनं मला समजावलं ते असं: कुत्र्याच्या मेंदूत मध्यावर शेपटीसारखा वळलेला एक भाग असतो. माणसातही असतो. काहीतरी सुखाचं जवळ येतंय असं कळलं की तो जागा होतो. लाडक्या माणसाचा नुसता वास दिला, माणूस समोर नसला तरी, तो भाग जागा होतोच. हे शास्त्रज्ञांना बरीच वर्षं ठाऊक होतं. अडचण एकच, ते बघायला खोलीएवढं यंत्र लागायचं आणि कुत्र्याला त्यात पुतळ्यासारखं निजवावं लागायचं.

"आम्ही ते यंत्र टोपीत बसवलं," लीला म्हणाली. टोपीच्या अस्तरात तांदळाच्या दाण्याएवढे चुंबकीय संवेदक. मेंदूत विजेची हालचाल झाली की तिच्याभोवती चुंबकाचा अगदी फिका परिणाम उमटतो, तो ते टिपतात. अनोळखी माणसाच्या वासानंही त्या भागात थोडंफार होतं. कुणाच्या वासानं जास्त, कुणाच्या कमी. त्या फरकावर जुळणी. कुत्र्याला माकडटोपी घातल्यासारखं दिसतं, पण ते बिचारं पाच मिनिटांत विसरतं.

"म्हणजे आई, कुत्र्याची खरी शेपटी डोक्यात असते. बाहेरची कधी फसवेल, आतली फसवत नाही," ती म्हणाली.

"टोपी घालून माया मोजता येत नाही," मी म्हणाले. पण मदत केली. लीलाचं यंत्र शंभरात आकडा दाखवायचं. मी म्हटलं, छत्तीसात दाखव, आपल्या लोकांना गुण जुळणं लगेच कळतं. सरपंचाच्या वेळी बाहेरचा फलकही मीच नव्यानं रंगवला. लीलाची सूचना होती चार ओळींची, पुस्तकी; मी ती एका ओळीत सोपी केली. लोकांनी आदल्या दिवशी आपला एक कपडा बंद पिशवीत आणून द्यायचा, एवढंच.

नेहमी पंधरा-वीस गुण जुळायचे, बावीस म्हणजे डोक्यावरून पाणी. त्या वर्षी अकरा घरांना तिसाच्या वर! आणि सरपंचाला चौतीस. ज्यांचा कपडा होता ते होते नरसय्या गड्डम सर.

गड्डम सर म्हणजे आमच्या भागातल्या शाळेचे जुने मुख्याध्यापक. गणित शिकवायचे. वय शहात्तर, पांढरा कडक शर्ट, पाठ ताठ. अर्धा गुण कुणाला फुकट दिला असेल तर शपथ. आमच्या लीलाला नववीत गणितात शंभरपैकी चौतीस पडले होते. पस्तीसला पास! मी शाळेत जाऊन हातापाया पडले. सर म्हणाले, "बाई, गुण मी देत नसतो, मुलं मिळवतात." पोरगी उन्हाळाभर रडली. पुढे तीच मेंदूशास्त्रज्ञ झाली, पण तो एक गुण तिच्या घशात अजून अडकलेला आहे.

दोन वर्षांपूर्वी सरांच्या पत्नी, सुलोचनाबाई, गेल्या. मुलगा बंगळुरात. सर एकटेच. मंडपात त्यांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. "चौतीस? म्हणजे चौऱ्याण्णव टक्के, तोडकरीबाई. माझ्या हातून एवढे गुण फार थोड्यांना मिळाले."

निघताना मी सरांना नियम सांगितला. तीनदा परत आलेलं कुत्रं चौथ्यांदा आलं, तर त्याला दूरच्या कायम निवासी केंद्रात पाठवावं लागतं. तिथं पोटभर खायला मिळतं, औषधपाणी होतं, पण तिथून पुन्हा कुणी घरी जात नाही. सरपंचाला दही देताना मी त्याच्या चांगल्या कानात सांगितलं, "आता शेवटचं हं. नाव काढू नकोस परत यायचं."

*

तीन आठवड्यांनी सरांचा फोन आला. "तोडकरीबाई, तुमचा सरपंच माझ्या कपाटाच्या प्रेमात पडलाय."

मी तशीच गेले. शिक्षक सोसायटीतलं तळमजल्याचं घर, चप्पलसुद्धा रेषेत ठेवलेली. सरपंच आतल्या खोलीत, लाकडी कपाटाच्या दाराला नाक लावून बसलेला. सर म्हणाले, सकाळी कपाट उघडलं की तो शर्टांच्या चळतीत तोंड खुपसतो आणि डोळे मिटतो. बाकी सरांकडे ढुंकून बघत नाही. हाक मारली तर भिंत.

"वेळ द्या, सर. जुनं कुत्रं आहे."

"मी वेळ देतोच आहे. चौतीस गुण आहेत म्हणून तर धीर धरला." सरांनी खुर्चीचा हात धरला आणि सावकाश बसले. "पण मला गणित कळतं, बाई. तो चौतीस गुणांनी पास झालाय. मग ह्या घरात नापास कोण? मीच ना?"

"काहीतरीच काय बोलताय!"

"काहीतरी नाही. सुलोचना असती तर हा तिच्या पायाशी बसला असता. माझ्याकडे पोरंही कधी आली नाहीत. मी व्हरांड्यातून निघालो की पोरं वर्गात पळायची. तेव्हा वाटायचं, शिस्त आहे. आता कुत्र्यानं सांगितलं, शिस्त नव्हती ती." त्यांचा आवाज जरा फाटला. 

मी उठून कपाटाशी गेले, उगाच काहीतरी करायचं म्हणून. सरपंचाशेजारी बसून मीही एका शर्टाचा वास घेतला. खळीचा, कोळशाचा आणि आणखी कसला तरी. सरांचा नव्हे. सरांना चंदनाच्या साबणाचा वास येतो.

"सर, कपडे कुठं देता इस्त्रीला?"

"रेवणअप्पाकडे. सगळी सोसायटी त्याच्याकडेच देते. कोळशाची इस्त्री, घडी मोडत नाही."

"आणि श्वानदिनाला तुम्ही कुठला शर्ट दिलात?"

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सोपं गणित चुकले. "अर्थात ताजा इस्त्री केलेला. चारचौघांत मळका कपडा कसा देणार? आणि तुमच्या फलकावरच लिहिलं होतं की."

लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात. लीलानं सांगितलं होतं, दोन दिवस अंगात घातलेला, न धुतलेला सुती कपडा आणावा. त्याच्या आदल्या वर्षी एकानं गुटख्यानं रंगलेला सदरा आणला होता, म्हणून मी वैतागून फलकावर मोठ्या अक्षरांत रंगवलं: 'कपडा स्वच्छ असावा.' माझ्या पायाखालची फरशी सरकली.

*

रेवणअप्पा मडिवाळांची टपरी सोसायटीच्या कोपऱ्यावर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लीलाला घेऊन गेले. साठीचा माणूस, खांद्यावर टॉवेल, समोर कोळशानं फुललेली इस्त्री. आम्ही बघत असतानाच त्यानं तोंडात पाण्याची गुळणी घेतली आणि धोतरावर फुर्रकन फवारा मारला. मग इस्त्री फिरवली, घडी घातली, छातीशी धरून वरचा हात दोनदा फिरवला आणि चळतीवर ठेवली.

लीलानं माझा दंड दाबला. "आई, घामातला तेलकट अंश कपड्यात मुरतो, तो इस्त्रीनं जात नाही. धुतल्यावर मालकाचा वास गेला, आणि वर ह्यांचा बसला."

"अप्पा, तुम्ही कुत्री पाळता?" मी विचारलं.

"छे ओ बाई! मी कुठं पाळतोय? सकाळी दुकान उघडलं की भाकरीचा तुकडा टाकतो. थंडीत राखेजवळ येऊन झोपत्यात, तेवढंच की."

"किती वर्षं?"

"वीस झाली असतील. लई येऊन गेली. गाडी येती, धरून नेती. मग दुसरी येत्यात." त्यानं इस्त्री बाजूला ठेवली. "एक होता, भीम्या. पिल्लू असताना आला. भांडणात एक कान फाटला त्याचा. तीन वर्षं ह्या टेबलाखाली झोपला. एक दिवशी दुकान उघडलं तर नाही. मी इचारायला गेलो नाही बाई. म्हटलं, आपल्याला कोण सांगतंय!"

मी लीलाकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. फाटक्या कानाचा भीम्या म्हणजे आमचा सरपंच. तीन घरांनी ज्याला तिरसट म्हणून परत पाठवलं, तो तिरसट नव्हताच. तो आठवण काढत बसलेला होता.

लीलानं अप्पांचा खांद्यावरचा टॉवेल मागितला. अप्पा संकोचले. "धुऊन देतो की, आज संध्याकाळी."

"खबरदार धुतलात तर!" मी ओरडले.

निवाऱ्यात त्याच भागातून धरून आणलेली आठ कुत्री उरली होती. एकेकाला टोपी घालून टॉवेलचा वास दिला. तेहतीस. पस्तीस. चौतीस. आणि एका आंधळ्या कुत्रीला छत्तीसपैकी छत्तीस, जे मी जन्मात पाहिले नव्हते. लीलानं जुनी यादी काढली. तिसाच्या वर गुण मिळालेली अकराही घरं शिक्षक सोसायटीतली, नाहीतर तिच्या शेजारच्या गल्लीतली. अकराही कुत्री त्याच कोपऱ्यावरून आलेली. थोडक्यात, आम्ही अकरा घरांना वाजतगाजत सांगितलं होतं की हे कुत्रं तुमच्यावर जीव टाकतंय, आणि अकराही कुत्री जीव टाकत होती एका इस्त्रीवाल्यावर.

*

परत येताना बिनचालकाची रिक्षा केली. पुढं कुणी बसलेलं नसलं की भांडायला मोकळीक मिळते.

"आजच सगळ्यांना सांगायचं," लीला म्हणाली.

"डोकं ठिकाणावर आहे का? उद्या फाटकात अकरा कुत्री उभी राहतील. आणि सरपंच? चौथ्यांदा आला की त्याचं काय होणार तुला माहीत नाही?"

"आकडा खोटा आहे, आई."

"असेना खोटा! घरं तर खरी आहेत. गेल्या साली तीन आठवड्यांत पाच परत आली होती. यंदा एक नाही. का? तर लोकांना वाटतंय, कुत्र्याचं आपल्यावर प्रेम आहे. म्हणून चटई कुरतडली तरी कळ काढतायत. तुझ्या आकड्यानं नसेल, पण त्या विश्वासानं काम केलं की नाही?"

"तूच म्हणायचीस, टोपी घालून माया मोजता येत नाही."

"मग आता न मोजताच जमलंय तर तू का मोडतेस?"

लीलानं बाहेर तोंड केलं. "हे यंत्र पुढच्या महिन्यात बारा शहरांत जाणार आहे. तिथंही लोक कपाटातला चांगला कपडा आणतील. तिथंही कुणीतरी म्हणेल, चौतीस गुण असून हे माझ्याकडे येत नाही, म्हणजे मीच वाईट." ती माझ्याकडे वळली. "आणि हे मी सांगणार नाही, तूच सांगायचंस. फलक तू रंगवलास."

झालं. बाण बरोबर लागला. मला सर आठवले, खुर्चीचा हात धरून बसलेले. एक कुत्रं घरात राहावं म्हणून मी एका म्हाताऱ्याला आयुष्यभर नापास ठेवणार होते. माझी मलाच लाज वाटली, अगदी खरं सांगते.

"सांगते," मी म्हणाले. "पण पहिल्यांदा गड्डम सरांना."

*

सरांनी सगळं ऐकून घेतलं. सरपंच कपाटाशीच बसला होता. माझं संपल्यावर त्यांनी बाहीची घडी बोटांनी सरळ केली, उलटी, पुन्हा सरळ.

"म्हणजे माझा वास त्याला कधी दिलाच नाही?"

"नाही, सर."

"म्हणजे मी नापास झालेलो नाही."

"तुमचा पेपरच झाला नाही, सर. दुसऱ्याचा पेपर तुमच्या नावावर लागला. चूक माझी."

ते हसले. पहिल्यांदाच पाहिलं मी त्यांना हसताना. पण लगेच उठले आणि खुंटीवरचा पट्टा काढला. "मग दुसऱ्याचे गुण मला नकोत. चला."

"सर, थांबा जरा. चौथ्यांदा परत आला तर—"

"मी निवाऱ्यात परत देत नाहीये. ज्याचा आहे त्याला देतोय."

आम्ही कोपऱ्यावर गेलो. वीस पावलं उरली असतील, तेव्हा सरपंचानं मान वर केली. मग तो इतक्या जोरात धावला की पट्टा सरांच्या हातातून निसटला. नऊ वर्षांचा म्हातारा कुत्रा, पण टपरीच्या टेबलाखाली घुसला, बाहेर आला, पुन्हा घुसला, अप्पांच्या पायांवर लोळला, कुई कुई करून जीव अर्धा केला. अप्पांनी इस्त्री उचलून बाजूला ठेवली आणि रस्त्यातच मांडी घालून बसले. "भीम्या! आरं भीम्या! आलास व्हय माघारी?" माणूस लहान पोरासारखा रडत होता. मीही रडले. लपवायचं कशाला?

सर बाजूला उभे होते. रिकामा हात पाठीमागे धरलेला. मला त्यांच्याकडे बघवेना.

थोड्या वेळानं अप्पांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "पर सर, मला घरी न्यायला यायचं नाही ओ. लेकीकडं राहतो मी. नातीला दमा हाय, डॉक्टरनं सांगितलंय, घरात जनावराचा केस नको. म्हणून तर इतकी वर्षं एक बी नेला नाही."

मी मनात निवासी केंद्राचं फाटक बघत होते. सरपंच टेबलाखाली जाऊन, राखेच्या बाजूला, नऊ वर्षांचा न वाटता, पिल्लासारखा झोपून गेला.

"दुकान किती वाजता उघडता?" सरांनी विचारलं.

"आठला."

"बंद?"

"सहाला."

सरांनी मनात काहीतरी मांडलं. "आठला मी आणून सोडीन. सहाला घेऊन जाईन. दिवसा शाळा, संध्याकाळी घर. सगळ्या मुलांचं असंच असतं."

"येईल का ओ तो तुमच्यासंगं?" अप्पांनी भीत भीत विचारलं.

"माहीत नाही. माझ्या इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं रोज संध्याकाळी तयार ठेवा. त्याच्या मागे येईल."

आणि तस्सं झालं बघा. सहाला सर गाठोडं काखेत घेऊन निघायचे, मागून सरपंच. दिवाळीपर्यंत सरांचे सगळे शर्ट तीन-तीनदा इस्त्री झाले. न वापरलेलेसुद्धा.

बाकीच्या दहा घरांना मी एकेक करून फोन केला. दोघांनी मला शिव्या घातल्या, हक्कच होता त्यांचा. एकानं कुत्रं परत आणलं. उरलेल्या सात जणांचं म्हणणं जवळपास एकच, "आता असू दे ओ बाई, पोरांना लळा लागलाय." आणि एक बाई तर म्हणाल्या, "गुणांचं काय घेऊन बसलात? आमच्या ह्यांचे तरी कुठं जुळले होते!" लीलानं बारा शहरांच्या लोकांना पत्र लिहून सगळी चूक कळवली, माझ्या फलकासकट. वर असंही लिहिलं की यंत्र कुत्रं देताना वापरू नका, दिल्यावर दोन महिन्यांनी वापरा. ते तिच्यावर नाराज होतील असं वाटलं होतं. त्यांनी तिलाच तिकडं शिकवायला बोलावलं.

*

दिवाळीनंतरच्या आठवड्यात गड्डम सर 'आसऱ्या'त आले. सोबत सरपंच आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं. ते त्यांनी इकडेतिकडे बघून लीलाच्या हातात सरकवलं.

"बनियन आहे," ते कुजबुजले. कान लाल झाले होते. "दोन दिवस घातलेलं. धुतलेलं नाही."

"उत्तम, सर!" लीला म्हणाली.

"उत्तम काय, तोडकरी. चारचौघांत बनियन आणावं लागलं शहात्तराव्या वर्षी." अजूनही ते तिला हजेरीतल्यासारखं आडनावानंच हाक मारतात.

सरपंचाला टोपी घातली. तो गुमान बसला. मी मात्र तिथल्या तिथं येरझारा घालत होते. चौतीसची सवय झाली होती ना कानांना! सर टोपीला जोडलेल्या, आकडा दाखवणाऱ्या खोक्याकडे पाठ करून खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले, निकालाच्या दिवशी मुलं उभी राहतात तसे.

"अकरा," लीला म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "छत्तीसपैकी अकरा, सर."

मी मनातून खचले. ह्यापेक्षा परक्या माणसाला जास्त पडतात. मी काहीतरी समजूत घालणार, तेवढ्यात सर वळले. चेहरा चांगला उजळलेला.

"अकरा! बाई, ऐकलंत? ते चौतीस फुकटचे होते. हे अकरा त्यानं माझ्यासाठी मिळवलेत. सुरुवात शून्यापासून होती." मग ते लीलाला म्हणाले, "गेल्या मंगळवारी मी पेपर वाचत होतो. हा कपाटापासून उठला आणि खुर्चीजवळ येऊन बसला. दोन मिनिटं. मी पान उलटलं नाही."

सरांनी खिशातून पेन काढलं आणि तळहातावर आकडेमोड केली. "उत्तीर्ण व्हायला पस्तीस टक्के. छत्तीसचे होतात बारा पूर्णांक सहा दशांश, म्हणजे तेरा धरू. दोन कमी पडतात." त्यांनी सरपंचाकडे पाहिलं. टोपीतून एकच फाटका कान बाहेर आला होता. "तोडकरी, दोन गुण ग्रेस दे त्याला."

"सर!" लीला जवळजवळ ओरडलीच. "मला तुम्ही एका गुणासाठी नापास केलं होतं! एका!"

"होय," सर म्हणाले. "तेव्हा मी शिक्षक होतो. आता पालक आहे." मग जरा थांबून, खाली बघत, "तुलाही द्यायला हवा होता. चुकलं माझं."

लीलानं तोंड फिरवून यंत्राची वायर उगाच गुंडाळायला घेतली. बराच वेळ गुंडाळत होती. "यंत्रात हातानं गुण भरता येत नाहीत, सर," ती शेवटी म्हणाली.

"मग पेन्सिलनं लिही."

तिनं सरपंचाच्या कार्डावर पेन्सिलनं लिहिलं: अकरा अधिक दोन, तेरा, उत्तीर्ण. सरांनी बेरीज तपासली आणि खाली सही केली.

मी आतून दह्याची वाटी आणली. दही त्याला ऑगस्टमध्ये दिलंच होतं, पण ते चुकीच्या निकालावर. पुन्हा तळहातावर घेतलं, त्यानं चाटून साफ केलं. फाटकाशी सरांची रिक्षा येऊन थांबली. आज सरांच्या काखेत इस्त्रीचं गाठोडं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. सरपंच त्यांच्या आधी जाऊन रिक्षात बसला आणि ते येईपर्यंत वाट बघत राहिला.